‘ताट झाका’चा खरा अर्थ

गिरणीतली माझी जुनी सोबतीण हसीनाबी शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली तेव्हा माझा तिसरीचा वर्ग चालू होता. ती कधी शाळेकडे फिरकत नाही. पदराचं टोक दातांत धरून ती नुसतीच माझ्याकडे बघत राहिली, आणि मी खडू खाली ठेवला. "नरसव्वा गयी, बाई," ती म्हणाली. छातीचं दुखणं होतं, गेला पावसाळा निघतो की नाही अशी धाकधूक सगळ्यांनाच होती... तरी मुलींना काय सांगून मी वर्गाबाहेर पडले ते आठवत नाही. साखर पेठेत पोचले तर तिचा मुलगा ओट्यावर गुडघ्यात मान घालून बसला होता आणि आत आमच्या जुन्या खात्यातल्या बायका, कुणी तेलुगूत, कुणी कानडीत, कुणी मराठीत, एकाच सुरात रडत होत्या.

तिच्यावर काही लिहावं असं तेव्हा मनात नव्हतं. पण दिवस उरकल्यावर बायकांनी चाळीपुढच्या मोकळ्या जागेत शोकसभा ठेवली. गिरणीत नव्यानेच वेलफेअर नावाचं खातं निघालं आहे. त्याचे साहेब कसे कोण जाणे, पण आले. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर आमचा जुना जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बसला होता. आता तो हेडजॉबर आहे. त्याचं नाव मी इथे लिहिलं तरी संपादक ते छापणार नाहीत, म्हणून लिहीत नाही. साहेब बोलायला उभे राहिले. "कैलासवासी नरसव्वा काही काळ आमच्या गिरणीत होत्या. अडाणी असल्या तरी स्वभावाने मोठ्या विनोदी. यंत्राला सासू म्हणायच्या. जेवणाची वेळ झाली की ‘ताट झाका’ अशी मजेशीर आरोळी द्यायच्या. गरिबीतही माणूस किती आनंदात राहतो, हे आपण त्यांच्याकडून शिकावं." समोर बसलेल्या काही पुरुषांना हसू आलं. जॉबरही हसला. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

‘काही काळ होत्या’ म्हणे. जशी काही ती स्वतःच कंटाळून निघून गेली. ‘मजेशीर आरोळी’ म्हणे. ज्या दोन शब्दांसाठी एका बाईने आपली भाकरी घालवली, ते दोन शब्द तिच्याच शोकसभेत हशा पिकवायला वापरले गेले, आणि ज्याच्यामुळे ते शब्द जन्मले तो पुढच्या खुर्चीत बसून पान चघळत होता. हे बघून गप्प बसायचं असेल तर मग मी लिहायला शिकले कशाला?

मी मूळची नातेपुत्याची. नवरा प्लेगात गेला आणि नणंदेच्या आधाराने सोलापूरला आले. तिनेच मला गिरणीच्या वाइंडिंग खात्यात चिकटवलं. बॉबीनवरचं सूत मोठ्या रिळांवर घ्यायचं, तार तुटली की चुटकीसरशी गाठ मारायची, हे आमचं काम. खात्यात सगळ्या बायकाच. यंत्रांचा आवाज असा की शेजारणीच्या कानाशी ओरडलं तरी ऐकू येऊ नये. म्हणून तिथे ओठांवरून बोलणं ओळखायचं असतं. त्यातून निम्म्या बायका तेलुगू, अक्कलकोटकडच्या कानडी, हसीनाबीसारख्या दखनी बोलणाऱ्या, आणि माझ्यासारख्या गावाकडच्या. या सगळ्यांना पुरेल अशी एक बोली नरसव्वाने उभी केली होती. सारखी तार तोडणारं यंत्र म्हणजे ‘सासू’. गाठींनी भरलेली खराब बॉबीन म्हणजे ‘सवत’. मागच्या अंगाला संडासांची रांग होती, तिथे घटकाभर वारा लागायचा, तिचं नाव ‘माहेर’. "म्हायेरला जाऊन येते" असं एखादी ओठांनी म्हणाली की शेजारीण तिचं यंत्र सांभाळायची. आणि छताखालचा मोठा पट्टा निसटून सगळी यंत्रं एकदम थांबली की ‘दिवाळी’. पट्टा चढवेपर्यंत आम्ही जमिनीवर बसून पाय चोळायचो आणि एकमेकींना फराळाला बोलवायचो... हातात काही नसताना.

नवीन बाईची थट्टा व्हायचीच. माझीही झाली. कामाला लागून थोडेच दिवस झाले होते. नरसव्वाने माझ्याकडे बघून ओठ हलवले, "ताट झाका." मला वाटलं, फडक्यात बांधलेली भाकरी उघडी राहिली असेल. मी धावत जाऊन तिच्यावर पितळी पालथी घातली आणि पुन्हा कामाला लागले. सगळी रांग हसून लोळायची बाकी राहिली. पण हसता हसताच दोघीजणी आपली जागा सोडून माझ्या दोन्ही अंगांना येऊन उभ्या राहिल्या, हे मला त्या वेळी कळलं नाही. आमच्या मागून जॉबर चालत गेला. सुट्टीत नरसव्वाने मला जवळ बसवलं. तिचं मराठी तिचं स्वतःचं होतं. "ताट म्हंजे भाकरीचं न्हाय गं," ती म्हणाली. "ताट म्हंजे तू. मी. ही हसीना. माशी आली की ताट उघडं टाकायचं न्हाय. दोगी-तिगी मिळून उबं ऱ्हायाचं. कळ्ळं का आता?" मला कळलं. जॉबर कामावर घ्यायचा, जॉबरच काढायचा, कुणाला चांगलं सूत द्यायचं नि कुणाला कुजकं तेही तोच ठरवायचा. आणि या सगळ्याच्या बदल्यात त्याला काय हवं असायचं, ते मी इथे फोड करून सांगायची गरज नाही. ज्या घरांतून बाई कामाला जाते, त्या घरांत ते ठाऊक असतं आणि त्यावर कुणी बोलत नाही.

वेळापूरकडची शांता त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आली. तिचं नाव तिच्याच सांगण्यावरून लिहिते आहे. नवं लग्न, नवरा साचेखात्यात मागावर, सासू कडक. एका दुपारी जॉबर तिला म्हणाला, गोदामातून सूत मोजून आण. सूत आणायचं काम हमालांचं. शांता नवी, ती निघाली, आणि थोड्या वेळाने तोही त्याच दिशेने गेला. नरसव्वाने ते पाहिलं. त्या दिवशी तिने नुसते ओठ हलवले नाहीत. यंत्रांच्या आवाजावर चढून ती ओरडली, "ताट झाका!" पुढचीने ते ओठांवरून वाचलं आणि पुढे दिलं, तिने आणखी पुढे, आणि सगळ्या रांगा यंत्रं चालू टाकून गोदामाकडे गेल्या. दार आतून लावलेलं होतं. आम्ही ठोठावलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. नरसव्वा दारापुढे उभी राहिली, तिच्यामागे आम्ही. मागे खात्यात तारा तुटत होत्या, रिळं नुसती फिरत होती. काही वेळाने कडी निघाली. शांता बाहेर आली, तिच्या हातातल्या बांगड्या फुटल्या होत्या. नरसव्वाने तिच्या खांद्यावर हात टाकला आणि आम्ही तिला मधे घेऊन परत आलो.

जॉबर सरळ ऑफिसात गेला. बायकांनी खुणेचा शब्द ओरडून काम बंद पाडलं, असं त्याने सांगितलं. संपाचे दिवस होते, मालकांना चिमणीच्या चिवचिवाटातही संप ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी चौकशी लागली. पण त्याआधी, गोदामाच्या दिवशीच संध्याकाळी, भोंगा झाल्यावर, शांताने नरसव्वाचे पाय धरले होते. "अक्का, माजं नाव काडू नगा. सासू घरात घ्यायची न्हाय. आई-बाप बी दार उघडायचं न्हाईत." आत काय घडलं, किती घडलं, हे कुणी विचारणारच नव्हतं, ती बंद गोदामात होती एवढ्यावरच तिचा संसार मोडला असता. नरसव्वाने आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "ऐकलं न्हवं?" आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या.

चौकशीला नरसव्वासह आम्हा चौघींना एकदम उभं केलं होतं, म्हणून मी स्वतः ऐकलेलं सांगते. तेव्हाचे मॅनेजर साहेब टेबलामागे, बाजूला लिहिणारा कारकून, आणि भिंतीला टेकून जॉबर. साहेबांनी कारकुनाकरवी विचारलं, ‘ताट झाका’ म्हणजे काय? हा शब्द कुठल्या युनियनने शिकवला?

नरसव्वा म्हणाली, "जेवायचं ताट, सायेब. झाकून ठिवाया लागतं."

"का?"

"माशा लई हायेत की तुमच्या खात्यात."

असं म्हणताना तिने भिंतीकडे बघितलं. जॉबरचा चेहरा उतरला. त्याला समजलं होतं. एका वाक्यात ती सगळं सांगून मोकळी झाली असती आणि कदाचित, कदाचितच, त्याला जाब द्यावा लागला असता. पण ते वाक्य शांताच्या अंगावरून गेलं असतं. ती तेवढंच बोलून गप्प राहिली. साहेब म्हणाले, ही बाई उद्धट आहे. त्याच दिवशी तिला काढलं. आम्हाला दंड झाला. जॉबरच्या पगाराला, मानाला, झोपेला काहीही झालं नाही. उलट गावातल्या दुसऱ्या गिरण्यांच्या जॉबरांना त्याने असा निरोप फिरवला की नरसव्वाला पुन्हा कुठल्याच फाटकातून आत घेतलं नाही. ती घरी विड्या वळायला बसली. आधीच सुताच्या तुसाने भरलेली छाती, त्यात तंबाखूची धूळ. तिला आजाराने नेलं असं सगळे म्हणतात. मी तसं म्हणणार नाही.

मी पुढे व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, देऊन मुलींच्या शाळेत लागले. नरसव्वाकडे जाणं-येणं राहिलं. चौकशीबद्दल ती कधी बोलली नाही. मीच एकदा चिडून विषय काढला तर म्हणाली, "शांताची पोरगी चालाया लागली म्हणं. ते सांग की आदी."

आता पुन्हा शोकसभेकडे येते. साहेबांचं भाषण संपत आलं तेव्हा मी उठायच्या बेतात होते, पण माझ्याआधी मागून कुणी तरी उठलं. शांता. वेळापूरहून सर्व्हिस मोटारीने दुपारीच आली होती. नवरा जाऊन वर्ष झालेलं, तेव्हापासून ती गावीच, सासू त्याच्याही आधी गेलेली. ती पुढे आली नाही, जागेवरच उभी राहिली. "सायेब," ती म्हणाली, "ताट झाका म्हंजे जेवायची सुट्टी न्हवं. त्ये ताट मी हुते. आन् माशी तुमच्या शेजारी बसलीया." मग तिने गोदामाचं सांगितलं, बांगड्यांचं सांगितलं, नरसव्वा का गप्प राहिली ते सांगितलं. रडली नाही.

वाचकांना वाटेल, आता काही तरी झालं असेल. काहीही झालं नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि अशा प्रसंगी जुने वाद नकोत, असं म्हणाले. जॉबरने पटका सारखा केला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो कामावर हजर होता, आजही आहे. पुरुषांपैकी एकजण पुटपुटला, बाईने चारचौघांत असं बोलू नये. हसीनाबीने त्याच्याकडे वळून इतकंच विचारलं, "फिर कहाँ बोलना?" शांता माझा हात धरून म्हणाली, "बाई, तुमाला लिवता येतं. माज्या नावासकट लिवा." म्हणून हे लिहिलं.

सभा संपल्यावर आम्ही दोघी नरसव्वाच्या खोलीवर गेलो. तिची सून आणि शेजारच्या चार-पाच जणी सुपं मांडीवर घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. घरात दुःख असो की काही असो, कारखानदाराला माल वेळेवर लागतो. आम्ही पाणी पीत होतो एवढ्यात विड्या तपासून घेणारा माणूस गल्लीच्या तोंडाशी दिसला. सुनेने मान वर केली नाही. बोटं चालूच होती. तिने तेलुगूत एक शब्द हलकेच उच्चारला, आणि त्या सगळ्या बायका सुपांसकट सरकून भिंतीशी एकमेकींना खेटून बसल्या. त्यांतली सर्वांत लहान होती ती आपोआप मधे आली. माणूस दारात आला, माल घेऊन, थोडं रेंगाळून गेला.

तो शब्द मी कधी ऐकला नव्हता. "काय म्हणालीस गं?" मी विचारलं.

सुनेने माझ्याकडे बघितलं, माझ्या इस्त्रीच्या पातळाकडे, हातातल्या छत्रीकडे, आणि पान कातरायला घेतलं. "काय न्हाय, बाई," ती म्हणाली. "आमचं आपलं."