इंजिन आमच्या नावाचं

तपासणीच्या साहेबांची जीप नाल्यापलीकडे गेली नाही तोच नानाच्या सालदार गड्याने इंजिनावर गोमूत्र शिंपडलं. आमच्यासमोर. बाप तिथंच उभा. साहेबांनी सांगितलं म्हणून त्याने इंजिनाला हात लावला होता.

इंजिन बापाच्या नावाचं. बाटवलं तेही बापानेच. वा रे न्याय!

चोपड्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचा जमिनीचा तुकडा. विहिरीला पाणी होतं, पण मोटेला बैल नव्हते. आई नि मी बादल्या ओढून मिरचीला पाणी घालायचो. हाताची सालं निघायची, तरी मिरची माना टाकायची. ती गेली तर वर्षभर दुसऱ्याच्या बांधावर राबणं आलं.

त्या वर्षी सरकारने आमच्यासारख्या मागास शेतकऱ्यांना तेलाच्या इंजिनासाठी अनुदान दिलं. नाना गावातला बडा केळीवाला. खटपट त्याने केली, उरलेले पैसे त्याने भरले. म्हणाला, तुमच्या मिरचीलाही पाणी देऊ. इंजिन आलं आणि थेट त्याच्या केळीत जाऊन बसलं.

आमच्या विहिरीवर आलं ते फक्त तपासणीच्या दिवशी. सकाळी बैलगाडीत घालून आणलं, विहिरीवर मांडलं, सुरू केलं. साहेबांसमोर बाप मालक. साहेब गेले की इंजिन परत केळीत. सगळीकडे असंच चालतं, नाना म्हणाला.

गोमूत्र शिंपडून झालं. नाना गड्यांसह बांधावर उभा होता. सालदार इंजिन चढवायला गाडी मागे घेऊ लागला. बाप खाली मान घालून बाजूला सरकला. ते त्याचं सरकणं बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढे झाले आणि तापलेल्या इंजिनावर पंजा ठेवला. भाजलं. काढला नाही.

"नाना, मी हात लावा. आते परत शिंपडा."

"बाजू हो वं पोरी," नाना म्हणाला. "पैसा मी भरेल शे."

"मंग तुमनाच नाववर का नही लिधं?"

नानाने सालदाराला खूण केली. सालदाराने शिंपडलं, मी परत हात लावला. पुन्हा शिंपडलं, पुन्हा लावला. तांब्या रिकामा झाला. मग मी निवत आलेल्या इंजिनाला मिठीच मारली. आता मला ओढायचं तर शिवावं लागणार! नानाची माणसं होती चांगली धट्टीकट्टी, पण एकही पुढे येईना. ज्या विटाळाने आम्हाला जन्मभर लांब उभं केलं, त्यानेच आज त्यांचे पाय बांधले. हसूही आलं मला, आणि रडूही.

"गप ऱ्हाय वं माय," बाप कळवळून म्हणाला. "गावमा ऱ्हानं शे आपले."

भीती मलाही होती. नाना काम बंद करेल, वाट बंद करेल, हे मला कळत होतं.

नाना जाताना ओरडला, "सकाये पोलीस आनस!"

"आना. साहेबलेबी आना. त्यानासमोर शिंपडा."

गाडी रिकामी गेली. मी बापाला म्हटलं, हँडल मार. तो जागचा हलेना. मग मीच मारलं. दोनदा हँडल उलटं बसलं, मनगट सुजलं. तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं आणि पाणी मिरचीत शिरलं.

उद्या पोलीस येवोत नाहीतर अख्खा गाव. इंजिन इथून हलणार नाही. आणि आमच्यातलं कुणी यापुढे बाजूला सरकणार नाही.