किलोभर घट

या जगातून आजवर काहीही हरवलेलं नाही, अशी पक्की खात्री असलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो माझा साडू आहे. माणसं देवावर विश्वास ठेवतात, काही सरकारवर ठेवतात, हल्ली बरीचशी व्हॉट्सॲपवर ठेवतात. आमचे साडू अणूंवर ठेवतात. मोहाडीच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते रसायनशास्त्र शिकवतात, राहतात वरठीला, आणि मधल्या रस्त्यावर मोटारसायकल चालवताना स्वतःशी बोलतात. बघणाऱ्याला वाटतं, हेल्मेटात फोन खुपसलेला असेल. फोन खिशात असतो. बोलणं क्लोरीनशी चाललेलं असतं.

रासायनिक समीकरण संतुलित करण्याचा त्यांना मनापासून तिटकारा. इकडे दोन लिहा, तिकडे तीन लिहा, खोडा, पुन्हा लिहा, हा प्रकार त्यांना लग्नाच्या बैठकीसारखा वाटतो: चार तास जातात आणि शेवटी जे आधीच ठरलेलं असतं तेच ठरतं. त्यांचं म्हणणं, "आत किती गेले ते मोजा, बाहेर किती आले ते मोजा. मधात काय झालं त्याच्याशी आपल्याले काय करायचं आहे?" पोटॅशियम क्लोरेट तापवलं तर ऑक्सिजन किती निघेल? एका क्लोरेटात ऑक्सिजनचे अणू तीन, बाहेर पडतात ते जोडीजोडीनं, म्हणजे जोड्या दीड. झालं गणित. एकदा वर्गातल्या एका पोरीनं विचारलं, "सर, दीड जोडी कशी? उरलेल्या अर्ध्याचा घटस्फोट झाला का?" साडू म्हणाले, "दोन क्लोरेट घे ना बाई, तीन जोड्या होतात. मिटला घटस्फोट." बोर्डाच्या पेपरात मात्र उत्तर काढून झाल्यावर संतुलित समीकरण सुबक अक्षरात लिहून ठेवायला ते पोरांना बजावतात. "तो नैवेद्य आहे. देव खात नाही, पण दाखवावा लागते."

हे सगळं वर्गात संपलं असतं तर माझ्या मेव्हणीचा संसार सुखाचा झाला असता. पण घरी ऐन जेवणाच्या वेळी पाहुणे टपकले आणि तिनं वरणात तांब्याभर पाणी ओतलं, की साडू पहिल्या घासालाच जाहीर करतात, "आकारमान वाढलं, डाळीचे मोल तेवढेच आहेत." ती म्हणते, "मोल नका सांगू, गिळा." एका लग्नात त्यांच्या चपला कोणीतरी घालून गेलं. आपण अशा वेळी चिडतो. साडूंनी मांडवाबाहेरच्या सगळ्या चपला मोजल्या, शेवटी उरलेली एक जोडी घातली आणि मला म्हणाले, "भाऊ, चपला तेवढ्याच आहेत. मांडणी फक्त बदलली." मांडणी एका नंबरानं लहान होती. ते संपूर्ण उन्हाळा टाचा बाहेर ठेवून हिंडले, पण सिद्धांताला तडा जाऊ दिला नाही.

कॉलेजातल्या सत्कारांचं तर त्यांनी शास्त्रच बनवलं आहे. एका प्रमुख पाहुण्याला दिलेल्या शालीच्या काठावर त्यांनी निळ्या शाईचा बारीक ठिपका टाकून ठेवला होता. पुढे ती शाल एका सभापतींच्या खांद्यावर दिसली, नंतर एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या, आणि शेवटी आदर्श शिक्षक म्हणून खुद्द साडूंच्या खांद्यावर येऊन पडली. टाळ्या चालू असताना ते काठ चाचपत होते. ठिपका सापडल्यावर चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो गावकऱ्यांनी पुरस्काराचा समजला.

अशा माणसाचा देवाजीशी तंटा व्हावा, हे मात्र मला कधी वाटलं नव्हतं. देवाजी भंडाऱ्याच्या जुन्या गल्लीत पितळेची भांडी घडवतो. दोघे शाळेत एका बाकावर होते; दहावीनंतर एक कॉलेजात गेला, दुसरा बापाच्या भट्टीवर बसला. साडूंचा रविवार देवाजीच्या दुकानात जातो. ते दिसले की देवाजी ओरडतो, "काय बे मास्तर, पोरं नापास करून आला का?" साऱ्या जिल्ह्यात साडूंना 'अबे' म्हणणारा तेवढा एकच माणूस, आणि ते ऐकायला ते दहा किलोमीटर येतात.

मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा साडूंनी आपल्या आईची फुटकी-चेपलेली पितळी भांडी बाहेर काढली. ती गाळून मुलीसाठी पाणी भरायचे गुंड आणि एक परात करायची होती. देवाजीनं साडूंच्या डोळ्यांसमोर तोलून घेतली: अठरा किलो. महिनाभरानं झगझगीत माल तयार झाला. साडूंनी तो तोलला. सतरा. मी तिथंच होतो.

"देवाजी, किलोभर कुठं गेलं बे?"

"घट हाये ते. गाळलं का घट येतेच."

"घट म्हणजे काय? वस्तुमान नाहीसं होत नाही. जेवढं आत गेलं तेवढं बाहेर यायलेच पाहिजे."

"जे आलं ते तुह्यासमोर ठेवलं ना."

"आणि जे नाही आलं ते कोणाच्या घरी गेलं?"

मला वाटतं, साडूंनी हे वर्गात विचारतात तसंच विचारलं होतं. पण तो वर्ग नव्हता. देवाजीनं हातातली हातोडी खाली ठेवली, गुंड पोत्यात गुंडाळले, परात बांधली आणि सारं स्वतः उचलून ऑटोत ठेवलं. मजुरी घेतली नाही. "या सर," एवढंच म्हणाला. पुढचे रविवार साडू घरीच बसले. लग्नपत्रिका द्यायला मुलाला पाठवतो म्हणाले, पण पाठवलं नाही. देवाजीशिवाय मुलीचं लग्न होणार, हे त्यांना सहन होत नव्हतं आणि सिद्धांत मोडवत नव्हता.

मग एक दिवस भरदुपारी ते माझ्या दारात उभे राहिले. शर्टावर खडूची भुकटी तशीच. वर्ग अर्धवट टाकून आले होते. चुनखडीचं गणित चालू होतं: दहा ग्रॅम चुनखडी खूप तापवली तर उरलेला चुना भरतो पाच पूर्णांक सहा. बाकीचे चार पूर्णांक चार कुठं गेले? मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "लॅबवाल्या काकांनं उचलले असतीन सर." सारा वर्ग हसला. साडू खवळले. "हवेत गेले ना बे! डोळ्याले दिसत नाही म्हणून माणसावर आळ घेतो?" आणि ते वाक्य तोंडातून बाहेर पडताच त्यांचा हात फळ्यावरच थांबला.

"भाऊ, जस्त," ते मला म्हणाले. "पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. भट्टीत जस्त उडते. पांढरा धूर होऊन जाते. देवाजीच्या बापाच्या भट्टीवर छपराच्या कवेलूंना त्याचीच पांढरी म्हातारी लटकत होती, कापसासारखी. आम्ही लहानपणी ती फुंकून उडवत होतो. मी स्वतः उडवली आहे, भाऊ! चला. माझ्या एकट्याच्यानं जाववत नाही."

दुकानात देवाजी एका घागरीचा पोचा काढत होता. साडूंनी उभ्याउभ्याच सुरुवात केली. जस्त कधी उकळतं, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचं काय होतं, मुशीत काय उरतं, राखेत किती जातं. माफी मागायला आलेल्या माणसानं इतकं सविस्तर रसायनशास्त्र सांगितलेलं मी कधी ऐकलं नाही. 'माफ कर' हे दोन शब्द त्यात कुठंतरी असणार, पण मला सापडले नाहीत. देवाजी ठोकत राहिला. साडू थांबल्यावर तोही थांबला.

"झालं?"

"झालं."

"म्हंजे देवाजी चोर नाही, हे जस्तानं सांगतलं तवा पटलं. मी सांगतलं तवा नाही पटलं."

साडूंचा चष्मा घामानं धुरकटला होता आणि तो पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मग त्यांनी खिशातून पत्रिका काढली. तिला खडू लागला होता. देवाजीनं हात धोतराला पुसून ती घेतली, उघडली, पोरीचं नाव बोटानं वाचलं आणि शेजारच्या टपरीकडे बघून ओरडला, "तीन चहा आण रे."

लग्नाला देवाजी आला. पंगतीत बुंदी वाढली, मुलगी निघाली तेव्हा साडूंच्या आधी रडला. आता रविवारही पुन्हा सुरू झाले आहेत. मेव्हणीची तक्रार अशी की घरातली धडधाकट भांडी दुरुस्तीला जायला लागली. परवा देवघरातली समई नेली, तिला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. देवाजी हसून बोलतो, मास्तर म्हणतो, अबे म्हणतो, पोरं नापास केलीस का विचारतो. फक्त काम हातात घेण्याआधी भांडं काट्यावर ठेवतो आणि म्हणतो, "पाहून घे." साडू रस्त्याकडे तोंड करून उभे राहतात, येणारी-जाणारी माणसं बघत. काटा स्थिर होईपर्यंत देवाजी थांबतो, मोठ्यानं वजन सांगतो, आणि मगच भांडं उचलतो.