वच्छलाबाईच्या रेकॉर्डीले बोट लावाचं नाई

बाभुळगावच्या वच्छलाबाई म्हंजे लय नखऱ्याचं मानूस. सत्तरी उलटली, गुडघे कुरकुर करतात, पन गान्याची जुनी रेकॉर्ड काढाची म्हटली की बाई पह्यले साबन लावून हात धुते. पदराले पुसत नाई, वाऱ्यावर सुकवते. मंग दोन तळहातांच्या मधात कड धरून रेकॉर्ड अशी उचलते, जशी काही नवसाची नात. वरच्या बारीक रेघांले बोट? नावच काढू नका!

नवरा अन् धाकटा दीर नानाजी, दोघांचा मिळून लग्नात भोंगे लावाचा धंदा होता. डीजे आले, धंदा बसला. भावांनी रेकॉर्डी अर्ध्या अर्ध्या वाटल्या. सनईच्या दोन सारख्याच होत्या, एक एक दोघांकडे गेली. नानाजीनं आपल्या रेकॉर्डी भाकरीवानी एकावर एक पेटीत रचून तापत्या टिनाच्या छताखाली माळ्यावर टाकल्या. वच्छलाबाईच्या मात्र थंड कोपऱ्यात, पेटीत ताठ उभ्या. बाहेरच्या पुठ्ठ्याचं तोंड बाजूले, आतल्या कागदी पाकिटाचं वर, धूळ जाऊ नये म्हून. नवरा गेला, तरी पेटीची निगा सुटली नाई.

"वैनीनं रेकॉर्डीले शाळेतल्या पोरींवानी लायनीत उभं केलं!" नानाजी चौकात सांगे. तीस वर्षं सांगून राह्यला, कट्टाळला नाई.

औंदा नानाजीची नात प्रेरणा हटून बसली. "माह्या लग्नात डीजे नाई. तुमच्या धंद्यातली सनईच लावा."

पन कोनाची रेकॉर्ड लावाची? नानाजी छाती फुगवून आपली पेटी अन् प्रेरणाले घेऊन वच्छलाबाईच्या घरी आला. रेकॉर्ड वाजवाचं मशीन तिच्याकडेच होतं. वच्छलाबाईच्या मनात आलं, आपली रेकॉर्ड खरखरली, तर तीस वर्षांचा सारा नखरा चौकात निघन.

नानाजीनं आपली रेकॉर्ड काढली, खिशातून कापसाचं बोंड काढलं अन् रेकॉर्ड घसाघसा पुसली.

"हे काय करता, भाऊजी?"

"घरचा कापूस आहे, वैनी! याच्याहून मऊ काय राह्यते?"

"अन् त्यातली सरकी? पाल्याचा चुरा? तुमी पुसून नाई, खरडून राह्यले!"

सुई टेकली. सनई जरा वर चढली अन् तिथंच अटकली. तेच, तेच, तेच.

प्रेरणा ओढनीत तोंड खुपसून हासली. "आजोबा, अशानं नवरदेव बोहल्यावरच म्हातारा होईन!"

मंग वच्छलाबाईचा नंबर. हात धुतले, वाळवले. जुन्या धोतराच्या मऊ, धुतल्या फडक्यानं, रेघांच्या गोलाईनं, हलक्या हातानं धूळ काढली. सुई हळूच सोडली.

सनई अशी निघाली, जशी काही वाजवनारा बाजूच्या खोलीत बसला होता! एक खरखर नाई, एक टक नाई.

नानाजीनं कापसाचं बोंड गुपचूप खिशात टाकलं.

लग्नाच्या दिवशी सनई मांडवातून पार रस्त्यापर्यंत गेली. म्हाताऱ्या बाया जेवता जेवता थांबल्या. वच्छलाबाई मशीनजवळ खुर्ची टाकून बसली होती, आपल्या रेकॉर्डीवानी ताठ. नवरीची मायही एवढी मिरवत नव्हती.

पंगती उठल्यावर नानाजी आपली पेटी घेऊन समोर उभा.

"वैनी, ह्याही तुमच्याचपाशी राहू द्या. लायनीत उभ्या करा."

वच्छलाबाईनं पेटीकडे पाह्यलं, मंग नानाजीच्या वरनानं भरलेल्या बोटांकडे.

"ठेवते नं, भाऊजी. पन पेटी तिथंच खाली ठेवा, अन् पह्यले हात धुऊन या. साबन लावून!"