पश्चिमेच्या भिंतीवर हात

घर बघायचं असलं की आमच्याकडच्या बायका दुपारी तीनच्या सुमाराला जातात आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावतात. हात टेकवेना झाला, तर घर कितीही देखणं असो, मुकाट्यानं माघारी फिरायचं. माझ्या आईनं असंच घर पाहिलं, मीही असंच पाहिलं. भद्रावतीकडच्या आमच्या गावात मे महिन्यात जी भिंत हाताला सोसते तिच्याच आडोशाला माणूस तगतो. याच हिशेबानं मी समुद्राकाठी घर निवडायला गेले आणि माझ्याच नवऱ्याच्या जिवावर उठले.

आमचे हे माजरीच्या उघड्या कोळसा खाणीत कामाला होते. सगळी उमर तिथल्या उन्हात गेली, पण कधी डोकं दुखलं म्हणून घरी बसले नाहीत. रिटायर होऊन आरामात बसायचे दिवस आले आणि यांना ऊन लागलं. पहिल्यांदा वावरात कापसाच्या पऱ्हाट्या उपटताना. दुसऱ्या वर्षी तर नुसतं बस थांब्यावरून घरी येताना. दोन्ही वेळा यायला उशीर झाला म्हणून मीच शोधत निघाले, एकदा वावराच्या बांधावर, एकदा रस्त्याच्या कडेला सापडले. अंग तव्यासारखं, कोरडं ठक्क, घामाचा एक थेंब नाही. ओला दुपट्टा गुंडाळून, ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, तिसऱ्यांदा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही, उन्हाळ्याचे तीन महिने यांना इथून हलवा.

आता हलवा म्हणजे कुठं? आरमोरीची माझी बहीण म्हणाली, आमच्याकडं आणा, तळं आहे, झाडी आहे. तिला म्हटलं, बाई, तुमचं तळं मे महिन्यात कुठं असतं ते आधी सांग. शेवटी मुलीनंच मार्ग काढला. जावई बँकेत, बदली रत्नागिरीकडं. ती फोनवर म्हणाली, इथं समुद्र आहे, पारा पस्तिसाच्या पुढं जात नाही, तीन महिन्यांसाठी घर बघू. पस्तीस ऐकून मला हसूच आलं. पस्तीस म्हणजे आमच्याकडं होळीच्या आधीची हवा.

फेब्रुवारीत आम्ही दोघं घर पाहायला गेलो. मुलीच्या गावापासून जवळच, खाडीच्या तोंडाशी एक वाडी होती. तिथं एक विधवा बाई, वयानं माझ्याहून मोठ्या, दोन घरं राखून होत्या. एक वर टेकाडावर, समुद्राकडं तोंड केलेलं. त्याच्या अर्ध्यात त्या राहायच्या, उरलेलं अर्धं रिकामं. चार मोठाल्या खिडक्या, आणि वारा असा की दोरीवरचे कपडे आडवे झालेले. दुसरं खाली, सुपारीच्या बागेत, चिऱ्याच्या जाड भिंतींचं, वीतभर खिडक्यांचं, मागं डोंगर.

हे वरच्या घराच्या ओट्यावर टेकले आणि म्हणाले, इथं बरं वाटून राह्यलं. यांच्या तोंडून महिन्याला दोन वाक्यं निघतात, त्यातलं हे एक होतं. मी ऐकलं का? नाही ऐकलं. एवढा वारा पाहूनच मी पदर कानावर ओढला होता. आमच्याकडं वारा म्हणजे झळ. दुपारी वारा सुटला की दारं-खिडक्या लावायच्या, फटीत चिंध्या कोंबायच्या, कानाला दुपट्टा बांधायचा आणि खिशात कांदा ठेवायचा. अशा भोकाभोकाच्या घरात दोनदा ऊन लागलेला माणूस ठेवायचा? मी खालच्या घरात गेले. पश्चिमेच्या भिंतीवर हात ठेवला. भिंत गारेगार, माठासारखी. म्हटलं, हेच.

घरमालकीण बाई एवढंच म्हणाल्या, की खाली वारा येत नाही, आम्ही तिथं सुपारी ठेवायचो. मला वाटलं, वरचं घर आपल्या गळ्यात मारायला बघताहेत. म्हटलं, बाई, आम्हाला वाराच नको. पाहुण्याला दोनदा सांगायची त्यांची रीत नसावी.

एप्रिल लागला तसे आम्ही बिऱ्हाड घेऊन गेलो. बिऱ्हाडात काय होतं सांगू? ट्रान्सपोर्टनं पाठवलेला आमचा कूलर. लोखंडी, मोठा, खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, नव्या ताट्या लावलेला. जावई म्हणाला, मामी, इथं कूलर कोणी लावत नाही. मी म्हटलं, नसतील लावत, आम्ही लावतो. टाकीत पाणी भरून पंखा चालू केला की ओल्या ताट्यांतून गार हवा येते, त्यावरच तर आमच्याकडचा उन्हाळा निघतो. माणूस जेवणावाचून एक दिवस काढील, कूलरवाचून नाही.

सकाळी दहाला मी सगळं घर बंद करायची. खिडक्या, दारं, वरून चादरी. कूलर चालू. आत अंधार, खसचा वास, अगदी घरच्यासारखं. पण हे दिवसभर घामानं निथळायचे. बनियन पिळलं तर पाणी निघेल. अंथरूण ओलं, उशी ओली, भिंतीला हात लावला तर तीही ओली. मी उलट खुशीत. आमच्याकडं घाम येतोय तोवर माणूस सुखरूप असतो, घाम बंद झाला की धावायचं. मुलीला फोनवर सांगायची, बाबाला मस्त घाम येतो, काळजी करू नको. हे जेवेनात, तरी मी म्हणायची, हवापालट आहे, चालायचंच. पन्हं प्यायला लावायची आणि कूलरची टाकी पुन्हा काठोकाठ भरायची.

मे महिन्यातली एक दुपार. हे खुर्चीवरून पाणी प्यायला उठले आणि भिंतीला धरून खाली सरकले. डोळे उघडे, पण माझ्याकडं बघेनात. मी अंग चाचपलं. अंग तापलेलं होतं, पण ओलंचिंब. आता काय करायचं तेच कळेना. ओला दुपट्टा गुंडाळायचा, तर माणूस आधीच ओला. दोनदा मी धावले, कारण दोनदा मला काय करायचं ते ठाऊक होतं. या खेपेला मला काहीच ठाऊक नव्हतं. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नाही. कूलर आणखी जवळ ओढला, आणि हाक मारायला म्हणून दार उघडलं.

दारात घरमालकीण बाई उभ्याच होत्या, कोकमाच्या आगळाचं सरबत घेऊन आलेल्या. घरातली हवा त्यांच्या तोंडावर आली तशा त्या एक पाऊल मागं सरल्या. मग आत येऊन आधी कूलर बंद केला.

"अहो, माणूस ठेवलात की मोदक उकडायला ठेवलेत?"

दुसरी कोणी असं बोलली असती तर मी तिला सोडली नसती. तेव्हा मात्र बाजूला सरून त्यांना वाट दिली. त्यांनी बागेतल्या दोन गड्यांना बोलावलं आणि यांना खुर्चीसकट उचलून वरच्या घरी नेलं. वाऱ्यात ओट्यावर निजवलं, बनियन काढलं, मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजलं. मी वेड्यासारखी यांच्या कानाला दुपट्टा बांधत होते. वाडीतले डॉक्टर आले. त्यांनी मला लहान पोरीला समजवावं तसं समजावलं. इथली हवा आधीच ओली, त्यात घाम सुकत नाही, सुकला नाही तर अंग निवत नाही. त्याला वाराच लागतो. आणि तुम्ही वारा बंद करून वर पाणी उडवत होतात. म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर कठीण होतं.

दिवस कलला तसे हे उठून भिंतीला टेकून बसले. सरबत प्यायले, दोन घास पेज खाल्ली. बाई आत गेल्या. समुद्रावरून वारा येतच होता आणि यांच्या अंगावरचा घाम माझ्या डोळ्यांदेखत सुकत होता. मी पायाशी बसून होते. मला चूक कबूल करता येत नाही, सगळ्या गावाला ठाऊक आहे. तरी म्हटलं, चुकलंच माझं, मी तुमचं ऐकायला पाहिजे होतं.

हे म्हणाले, "खालचं घर चुकलं, ते मले पह्यल्याच दिवशी समजलं होतं."

"मंग काऊन नाई बोलले?"

यांनी पेजेची वाटी बाजूला सारली.

"दोन खेप तूच मले उन्हातून उचलून आणलं. मी म्हटलं, तुले कळते. मलेच सोसत नसंल."

मला यांचा संताप आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. महिनाभर हा माणूस त्या कोंदट खोलीत वाफेत बसून होता, आणि का, तर माझ्यावर भरवसा होता म्हणून. मी पदरानं नाक पुसलं आणि म्हटलं, "पुढच्या खेपी तोंड उघडा. मेल्यावर सांगान काय?" हे हसले.

तेवढ्यात समुद्राकडची खिडकी धाडकन आपटली. आल्या आल्या सवयीनं मीच ती लोटून घेतली होती, पण कडी घातली नव्हती. मी ती लावायला उठले. यांनी हात वर करून मला थांबवलं. कानाला बांधलेला दुपट्टा सोडला, लेंग्याच्या खिशातला कांदा काढून बाजूला ठेवला, आणि दुपट्टा माझ्या हातात दिला.

"बांधून ठेव तिले," म्हणाले, "उघडी."

मी खिडकीचं दार दुपट्ट्यानं गजाला घट्ट बांधलं, आणि यांच्या शेजारी वाऱ्यात येऊन बसले.