जांभळा रंग धरणारी माती

आमचे मातीसर हात न धुता जेवायचे. "चिखल म्हणजे घाण नव्हे, रसायन आहे," असं म्हणून ते भाकरी मोडत आणि आम्ही बाकीचे मास्तर डबे उचलून लांब सरकत असू. महाराष्ट्र नुकताच झाला होता, मेहकरच्या बाजूची आमची शाळाही नवीच होती, आणि पुण्याहून आलेल्या या विज्ञानशिक्षकाची खात्री होती की नवं राज्य आता आपणच स्वच्छ करणार.

त्यांची कृती साधी होती. काळी माती लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्यात भिजवायची, धुवायची, वाळवून कुटायची. ही पूड रंगाच्या पाण्यात ढवळली की रंग तिला चिकटे. मग तुरटी फिरवून गाळ खाली बसवायचा. सर याला शोध म्हणत. शाळेचा शिपाई सारवण म्हणे.

शोधाला काम मिळालं ते भिकाजी रंगाऱ्यामुळे. त्याच्या हौदांचं पाणी ओढ्यात जाई आणि ओढ्याचं सोनाबाईच्या मळ्यात. तिचे पांढरे मुळे बाजारात जांभळट निघाले, तेव्हा सरपंचांनी भिकाजीला हौद मोडायला सांगितलं. दुसरीकडे कुठे पाणी नव्हतं. म्हणजे धंदाच मोडायचा. सरांनी छाती काढून महिन्याची मुदत मागून घेतली. रोज ते भिकाजीचं जांभळं पाणी नितळ करून पेला आमच्या नाकासमोर धरत. एकदा तर पिऊन दाखवलं. पुढचे दोन दिवस शाळेला विज्ञान नव्हतं.

महिना भरला. मातीच्या परीक्षेच्या दिवशी ओढ्याकाठी शाळेच्या खुर्च्या मांडल्या. सर कोट घालून आले, अर्धा तास बोलले, मग पाण्याकडे न बघता, आमच्याकडे बघतच माती ढवळली, तुरटी फिरवली. गाळ बसला. वरचं पाणी कुंकवासारखं लालभडक.

भिकाजी हात जोडून म्हणाला, "सरपंच येनार म्हनून भारीतला लाल काढला, सर. जांभळा तं रोजचाच हाय."

लाल रंगावर सरांनी माती कधी घालून पाहिलीच नव्हती. सबबींचा साठा त्यांच्याकडे मोठा. आता कोणती बाहेर पडते म्हणून मी आनंदाने सरसावून बसलो. सर इतकंच म्हणाले, "माझी माती लाल धरत नाही. चूक माझी आहे, याची नाही."

सोनाबाईने विचारलं, "जांभळा धरते ना? मंग म्हना त्याले, जांभळाच रंगव."

सरपंचांना उन्हाचा कंटाळा आला होता. ठरलं. हौद वाचले, आणि वर्षभरात लुगड्यांपासून फेट्यांपर्यंत आमचं गाव वांग्याच्या मळ्यासारखं दिसू लागलं. सरांना मी ग्रामशिल्पकार म्हणू लागलो. ते हसत नसत. माती कधी तेजाबात, कधी साबणात भिजवून लाल रंगाच्या मागे लागलेले असत. लाल धरणारी माती काही सापडली नाही.

भिकाजीच्या मुलीचं लग्न निघालं. नवरीचं लाल लुगडं त्याने शेगावच्या दुकानातून विकत आणलं. पंगतीत सर माझ्या शेजारी होते. मी चिडवायला तोंड उघडलं, तसं ताटावरची नजर न उचलता ते म्हणाले, "आज नको."