रंगावर मारलेले टाके

मला अजून ते आठवलं की किळस येते. धुराच्या वासाची न्हाई, आमच्या अण्णांच्या बोलण्याची. अण्णा म्हणजे माझे वडील, विठ्ठलराव, गावचे माजी सरपंच. पण मी हे त्यांच्यावर लिहीत न्हाई. हे उत्तरेश्वर मामांवर हाय.

मामा सख्खे न्हाईत. शिरूर कासारला स्टँडच्या पुढं रस्त्याकडंला आमची जागा हाय, तिथं त्यांची टपरी. गाडीचा सडलेला पत्रा कापायचा, नवा जोडायचा, पुट्टी, रंग. बावीस वर्षं हेच. त्यांचे आईबाप ऊस तोडायला कड्याच्या कारखान्याला जायचे, मामा पण लहानपणी त्यांच्यासंगं गेलेले. मग बीडला एका गॅरेजवर राहिले अन् वेल्डर होऊनच परत आले. डाव्या हातावर ठिणग्यांचे इतके डाग हायत की मूळ कातडी कुठली ते कळत न्हाई. काम झालं की गुळाचा खडा तोंडात टाकतात, धूर छातीत बसू न्हाई म्हणून. कॉलेजला जाताना मला पण देतात. खड्याला काळे हात लागलेले असतात, तरी मी खाते.

दसरा झाला, धुळाजी मुकादमाची टोळी ऊसतोडीला निघायची होती. दरसाली आमची जुनी जीप त्याच्याकडं जाते. टोळीचा संसार ट्रॅक्टरात, अन् म्हाताऱ्या, लेकरं, बाळंतिणी जीपमध्ये. जीपचा तळ पार सडलता, पायाखाली रस्ता दिसायचा. अण्णांनी नवे पत्रे आणले अन् वर शहाणपणा असा केला की आमच्या ड्रायव्हरला, नाथाला, सांगून त्याला दोन्ही बाजूंनी रेड ऑक्साईडचे दोन दोन हात मारून घेतले. घराच्या ग्रिलला मारतात तसे. कडा पण सोडल्या न्हाईत.

मामांनी जुना तळ कापून काढलता. नवा पत्रा हातात घेऊन बघतच राहिले.

"सरपंच, कडा काहून रंगवल्या? वेल्डिंगचा टाका लोखंडाला धरतो, रंगाला न्हाई. समद्या कडा घासाव्या लागतील."

"किती येळ?"

"लाइट राहिली तर उद्या दुपार."

"उद्या सकाळी आठला नारळ फुटायचाय बे. मार वरूनच."

"धरत न्हाई सरपंच."

"उत्तऱ्या, जागा कुणाची हाय? आं? का सोमवारी टपरी उचलतो?"

मामा खाली बसले. तोंडापुढं काच धरली अन् मारायला लागले, रंगावरच. मी बससाठी थांबलते, ओढणी नाकाला लावून तिथंच बसले. पिवळा घाण धूर, चरचर आवाज, मध्येच फटफट. तिसऱ्या टाक्याला मामा उठले, गटारीकडं गेले अन् ओकले.

"सकाळी काय हादडलं बे?" अण्णा म्हणले. नाथा हसला. मला दोघांच्या पण थोबाडीत द्यावी वाटली.

मामा तोंड पुसून परत बसले. सोळा टाके मारले. मग छन्नी घेतली अन् एकेकाला हातोडीनं हळूच ठोकलं. अकरा निघाले. आतून इडलीसारखी भोकं भोकं. मामांनी एक टाका उचलून अण्णांच्या हातावर ठेवला.

"म्हाताऱ्या बसणार हायत ह्याच्यावर. लेकरं बसणार हायत."

"आत काय तमाशा करणार हायत का? पुट्टी भर, वर रबर टाकू. कुणाला दिसतंय."

कुणाला दिसतंय. माझ्या बापानं असं म्हणलं, पान चघळत, लेकीसमोर.

मी तिथंच धुळाजीला फोन लावला. म्हणलं मुकादम हाय, माणसं त्याची हायत, तो तरी भांडंल. धुळाजी मोटारसायकलवर आला, वाकून बघितलं, जिथं मामा ओकलते तिथंच गुटखा थुंकला अन् मला म्हणला, "ताई, तुमी कॉलेजला जा. चार म्हैने टिकलं म्हंजे झालं." मग अण्णांसंगं चहाला गेला, दोघं हसत हसत. इतकी घाण मी गटारीत पण बघितली न्हाई.

मामांनी सगळं ऐकलं. उरलेले पाच टाके पण छन्नीनं काढून टाकले. ग्राइंडरची वायर लावली. अण्णा परत आले तर लाल धुराळा उडायलता.

"हे काय लावलंय बे?"

"सोमवारी टपरी काढतो सरपंच," मामा मान वर न करता म्हणले. "पण गाडी घासूनच जाईल."

अण्णा लई शिव्या देत बसले. पण करणार काय, जीपला तळच न्हवता, नेणार कुठं? मी त्या दिवशी कॉलेजला गेलेच न्हाई, पत्रा धरून उभी राहिले. पांढरं लोखंड दिसंपर्यंत मामा एकेक कड घासत होते. लाइट दोनदा गेली. तोंड कुंकवात बुडवल्यागत लाल. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे टाके झाले, हातोडीनं ठोकून बघितले, एक पण हालला न्हाई. नारळ आठच्या जागी तीनला फुटला. टोळीतल्या भिवराबाई नातीला घेऊन चढल्या, वाकळ अंथरली अन् बसल्या, उशीर केला म्हणून मामांवरच कुरकुरत.

सोमवारी मामांनी टपरी काढली. वनमाला मामी नट एका डब्यात गोळा करत होत्या, मामा पत्रे हातगाड्यावर रचत होते. रोज तिथं चहा प्यायला टेकणारे आठ-दहा जण होते, एक पण आला न्हाई. मी विचारलं कुठं जाणार. म्हणले, "कपिलधारच्या रोडला बघतो कुणाची जागा भेटती का."

अन् त्याच दिवशी आमच्या ओसरीवर अण्णा पाहुण्यांना सांगत होते, "असा पक्का तळ करून दिलाय मी गाडीला, हातोडीनं हालत न्हाई. गरिबाची माणसं हायत, जिवाची काळजी घ्यावी लागती." पाहुणे माना हालवत होते. मी दारात उभी होते. सगळं ऐकलं. त्यांचा चहा पण मीच नेऊन दिला.