डाव्या दाराचा मोर

यादोरावांच्या ट्रकला मी दोन डिझेल टाक्या लावल्या. स्टेअरिंगही दोन. आणि ते सगळं, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंच्या चित्रांत, सहा बाय आठच्या फ्लेक्सवर छापून चिखल्याच्या बुद्धविहारासमोर टांगलं. दिवस त्यांच्या पंचाहत्तरीचा आणि वेळ पंगती बसायच्या आधीची, म्हणजे लोकांना फ्लेक्स पाहण्यावाचून दुसरं काही काम नसतं तेव्हाची.

यादोराव हे माझा वर्गमित्र धम्मदीप याचे वडील. चिखल्याच्या खाणीतलं मँगनीज त्यांनी सत्तावीस वर्षं गोबरवाहीच्या रेल्वे स्टेशनावर नेऊन टाकलं, तेही एकाच गाडीनं. गाडी एका खाजगी मालकाची, पुढे लांब नाक असलेली, आता कुठे दिसत नाही अशी जुनी बोनेटवाली. ती भंगारात गेली त्याला वीस वर्षं होत आली. धम्मदीपनं मला सांगितलं, "प्रितम, बाबाची गाडी कॉम्प्युटरवर उभी करून दे. चारी बाजूनं फिरवून पाहता आली पाहिजे." मी भंडाऱ्यात बसून बिल्डरांसाठी अजून न बांधलेल्या फ्लॅटांची थ्रीडी चित्रं करतो. न उगवलेली झाडं लावतो, बाल्कनीत न आलेली माणसं बसवतो. मला वाटलं, गाडी म्हणजे काय? सहा चाकं आणि एक नाक.

आमच्या धंद्यात एक सोय आहे. वस्तू दोन्हीकडून सारखी असली की अर्धीच बनवायची आणि आरशाचं बटण दाबायचं. उरलेली अर्धी आपोआप उगवते. यादोरावांच्या गाडीचा एकुलता एक फोटो उजव्या बाजूचा होता, त्यामुळे ती बाजू मी मन लावून केली. डावी बटणानं केली. ते बटण वेळेवर बंद करायचं असतं, ते मी विसरलो. टाकी, स्टेअरिंग, पायरी, सगळं तिकडेही आलं. दारावरची अक्षरंसुद्धा उलटी होऊन आली.

"यादोराव, दोन टाक्या होत्या तं रोज पंपावर काहून उभा राहत होता गा?" खाणीच्या कॉलनीतले किराणावाले भैय्याजी ओरडले.

"दुसरं स्टेअरिंग सुखरामचं अशीन," कुणीतरी म्हटलं. "अर्धा रस्ता हा चालवे, अर्धा तो."

सगळे हसले. यादोरावही हसले, आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "इंजिनेर साहेब, तेव्हा भेटले असते तं लय डिझेल वाचलं असतं."

मग देवकाबाई आली. सुखरामची बायको. सुखराम म्हणजे या गाडीचा क्लीनर, यादोरावांच्या डाव्या हाताला पंचवीस वर्षं बसलेला माणूस. देवकाबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. डाव्या बाजूच्या चित्रासमोर ती बराच वेळ उभी राहिली. मग मला विचारलं, "बेटा, आमच्याकडली बाजू कुठी हाय?"

"हीच की मावशी. डावी."

"हे तं यादोभाऊचीच बाजू होय," ती म्हणाली. "उलटी करून लावली."

दोन वर्षं थ्रीडीचा क्लास करून मला जे दिसलं नाही ते तिला उभ्या उभ्या दिसलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. पार्वताकाकू, म्हणजे यादोरावांच्या घरच्या, तिला पानावर बसवायला गेल्या तर म्हणाली, "भूक नाई बाई," आणि घरी निघून गेली. यादोरावांचं हसू तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि तोच फोटो पुढे ठेवला. बोनेटवर कोपर टेकून तरुण यादोराव. "याच्यात सुखराम कुठी हाय, सांग."

मी पाहिलं. नव्हता.

"खाली पाय."

गाडीखालून दोन तळपाय बाहेर आलेले होते. फोटोवाला आला तेव्हा सुखराम खाली पडून काहीतरी आवळत होता, आणि 'मले कायले पाहिजे फोटो' म्हणून बाहेर आलाच नाही. जगात त्याचा तेवढाच फोटो. मॉडेल करताना ते पाय मला दगड वाटले होते. मी ते साफ करून टाकले होते.

"तर माह्या गाडीतून तू त्याले पुराच उतरवला," यादोराव म्हणाले. "त्याचं काय उरलं होतं? डाव्या दारावरचा मोर. त्यानं सोताच्या हातानं काढला होता. थे बाई मोर पाह्याले आली होती, अन् तू तिले माही टाकी दाखवली."

देवकाबाई दिवाळीनंतर लाखनीला जाणार होती. मुलगी गुड्डी तिथे हायवेवर चहाचं दुकान चालवते, तिच्याकडे, कायमची. यादोरावांचं म्हणणं एवढंच, की त्याआधी ते दार जसं होतं तसं तिला दिसलं पाहिजे.

आता डाव्या दाराचा ना फोटो, ना माप. मी यादोरावांना अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, "काका, डोळे मिटा आणि गाडी चालवा."

"पार्वता," ते आत ओरडले, "हे पोट्टं मले येडं करून राहिलं पाय."

"नवीन काय करून राहिलं मंग?" आतून आवाज आला.

पण डोळे मिटल्यावर त्यांचे हात आपोआप उठले आणि हवेत एका गोलावर जाऊन बसले. मी टेप लावला. वीस इंच. पाय सरकवला, क्लच तिथे. हात खाली आला, गिअर तिथे. तीनदा मोजलं, तीनदा तेच, अर्ध्या इंचाचा फरक नाही. गाडी भंगारात गेली होती, पण तिचा साचा या माणसाच्या खांद्यात आणि गुडघ्यात शिल्लक होता. त्यांचं बोलणं ऐकण्यापेक्षा त्यांचे हातपाय मोजणं जास्त भरवशाचं आहे, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

"आता डावं दार," मी म्हटलं.

डावा हात लांब झाला आणि अधांतरी थांबला. "पुरत नाई बे. तिकडलं सगळं सुखराम पाहे. काच त्यानं खाली करावी, दार त्यानं लावावं. वळणावर बाहेर हात काढून दारावर दोन थापा देल्ल्या का मी समजून जावो, रस्ता खाली हाय, काढ गाडी. आरशात तं मी कधी पाह्यलंच नाई."

"आणि मोर?"

"मोर कायचा, कोंबडी होती. त्याले म्हणलं, सुखराम, हे अंडे केव्हा देईन? तर म्हणे, उस्ताद, पिसारा पाहा ना." यादोराव हसले. "दर दसऱ्याले गाडी धूये, पूजा करे अन् उरलेल्या रंगानं तिचं डोकं नवं काढे. थापा मारू मारू डोकं घासून जाये ना वर्षभरात."

"काढताना तुम्ही पाहायचे?"

"मी कुठचा? दसऱ्याले मी नागपुरात, दीक्षाभूमीवर. दोन दिवसानं वापस येवो तं कोंबडीले नवं डोकं."

मी चार दिवसांत पक्षी काढला. पहिला फार चांगला निघाला. यादोराव म्हणाले, "हे कॅलेंडरवरचं हाय. बिघडव." बिघडवायला आणखी तीन दिवस लागले. मान आखूड, पाय तीन वाटावेत असे, पिसारा झाडूसारखा. मग मी विचारलं, "तोंड कुठे होतं? बोनेटकडे की मागे?"

"बोनेटकडे," ते म्हणाले, जरा जास्तच लवकर.

खात्री करायला मी देवकाबाईकडे गेलो. तिनं गाठोडी बांधायला घेतली होती. "मागं," ती म्हणाली. "मी इचारलं होतं ना, सगळ्यायच्या गाडीवरचे मोर पुढं पाहते, तुमचा मागं काहून? तर म्हणे, उस्ताद पुढं पाहून राहिला, मंग मागं कोण पाहीन?"

परत आलो तर यादोराव ऐकेनात. "बाईमाणूस काय गाडीत बसे काय? पुढंच होतं. डोकं चांगलं होतं, पुरं. तू काढ."

मला शंका आली. मी खुर्ची उचलून अंगणाच्या बुटक्या भिंतीला डावीकडून टेकवली, त्यांना तिच्यावर बसवलं आणि म्हटलं, "काका, आज तुम्ही सुखराम. कोपर बाहेर काढा आणि द्या दोन थापा."

त्यांनी भिंतीवर थापा दिल्या. कोपर टेकलेल्या माणसाचा तळवा जिथे पडतो तिथे मी खडूनं खूण केली. मोबाइलवरच्या दाराशी ताडून पाहिली. तळवा दाराच्या मागच्या भागावर, कडीजवळ पडत होता. डोकं बोनेटकडे असतं तर त्याला वर्षभरात एक थाप लागली नसती.

"काका, डोकं घासून जायचं, हे तुम्हीच सांगितलं होतं."

यादोराव भिंतीवरची खूण पाहत राहिले. पार्वताकाकू दारात येऊन उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "सांगून टाका ना आता."

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट. दसऱ्याच्या आधी सुखरामला कावीळ झाली. यादोराव नागपूरला निघताना त्याला भेटायला गेले. तो खाटेवरून म्हणाला, "उस्ताद, या साली मोराचं डोकं राह्यलं." यादोरावांनी म्हटलं, "तू पडून राय. दीक्षाभूमीवरून आलो का मी काढतो." आले. खेपा सुरू झाल्या. आज काढू, उद्या काढू. आठव्या दिवशी सुखराम गेला. पुढच्या वर्षी गाडी भंगारात गेली, ती बिनडोक्याच्या मोरासकट.

"एक डोकं," यादोराव म्हणाले. "दहा मिनिटाचं काम. रंगाचा डब्बा गाडीतच होता बे."

पक्षी बोनेटकडे वळवला असता तर त्याचं डोकं शाबूत राहिलं असतं आणि ही सगळी गोष्ट चित्राबाहेर गेली असती. वीस वर्षांनी त्यांना तेवढीच सवलत हवी होती, आणि मी टेप घेऊन नडलो. मी फ्लॅटवाल्यांना न उगवलेली झाडं देतो, मग यांना एक डोकं द्यायला माझं काय जात होतं, असंही मनात आलं. पण पलीकडे देवकाबाई होती, आणि तिची एक बाजू मी आधीच पुसून बसलो होतो.

दिवाळीच्या चौथ्या दिवशी आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. गुड्डी आईला न्यायला आली होती. मी मोबाइल देवकाबाईच्या हातात दिला आणि बोटानं गाडी कशी फिरवायची ते दाखवलं. तिनं उजवी बाजू पाहिली न पाहिली अन् गाडी फिरवून डावीकडे आणली. मोर मागे पाहत होता, आणि डोक्याच्या जागी पत्रा दिसत होता, तळव्याएवढा, घासून उजळलेला. गाडीखाली मी दोन तळपायही ठेवले होते.

त्या उजळ जागेवर तिनं बोट ठेवलं. गाडी थोडी फिरली. तिनं परत आणली आणि परत बोट ठेवलं.

"बाबाची कोंबडी," गुड्डी म्हणाली.

"मोर होय तो," देवकाबाई म्हणाली. मग यादोरावांकडे वळून, "यादोभाऊ, डोकं तुमच्याकडंच हाय ना अजून?"

तिला माहीत होतं. सुखरामनं सांगितलं असणारच. वीस वर्षं ती यादोरावांना रोज पाण्याच्या बोअरिंगवर, दुकानात, विहाराच्या रस्त्यावर भेटत होती आणि याबद्दल बोलली नव्हती.

"हाय," यादोराव म्हणाले. "काढतो."

"काढा सावकाश. मी लाखनीले पाहीन." तिनं मोबाइल मला परत दिला. "अन् बेटा, तू नोको काढू. तुहा मोर चांगला निघते."

त्या फाइलमध्ये आता एक वेगळा थर आहे, त्याला मी 'डोकं' नाव दिलंय. यादोराव एकदा भंडाऱ्याला आले होते. माझ्या खुर्चीत बसून त्यांनी माउस हातात धरला. ज्या हातांनी हवेतलं स्टेअरिंग अर्ध्या इंचाच्या आत पकडलं होतं त्यांना तो बोटभर माउस आवरेना. एक रेघ आली, ती त्यांनी पुसायला लावली. म्हणाले, "ब्रश असता तं झालं असतं." पुढच्या वेळी त्यांच्यासाठी पेनानं काढायची पाटी आणून ठेवली, तर म्हणाले चष्म्याचा नंबर बदलला आहे. गेल्या आठवड्यात फोन केला, तेव्हा धानाची कापणी निघाली होती.

"काका, दहा मिनिटांचं काम आहे," मी म्हटलं.

"म्हाईत हाय बे," ते म्हणाले. "येतो ना."